आडवा पेला

“तुमचा पेला कुठं ठेवू, रेगेबाई?” सगुणाक्कानं विचारलं.

“मला नको. मी घेत नाही.”

“घिऊ नगा की. नुसता ठेवते.”

आणि तिनं माझ्यासमोर सतरंजीवर स्टीलचा पेला ठेवला. दर गुरुवारी आमचं हे असंच चालायचं. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा माझा नियम होता. चहा पोटात गेला की अहवाल गोड होतो, हे मी दुसऱ्यांच्या अहवालांत भरपूर पाहिलं होतं. तरी पेला ठेवला जायचाच. मला वाटायचं, खेड्यातल्या बायका आहेत, पाहुण्याला रिकामं बसवणं त्यांच्या जिवावर येत असेल.

ही गोष्ट तुरुंगातली आहे, आणि मी तिथं कैदी म्हणून नव्हते हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण नुसतं ‘तुरुंगात असताना’ म्हटलं की ऐकणारे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात. मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत होते. समाजासाठी म्हणून जे कार्यक्रम चालतात ते खरोखर चालतात, की नुसते फोटोत चालतात, हे तपासणं माझं काम. या कामात मी इतकी भली माणसं पाहिली होती, की भलेपणाचा वास आला तरी माझ्या कपाळावर आठी चढायची.

हा कार्यक्रम व्यसनमुक्तीचा होता, एका मध्यवर्ती कारागृहातला. चालवणारं कोण, तर बोरजाई गावच्या तीन बायका. त्यांच्यात ना कुणी डॉक्टर, ना कुणी समुपदेशक. त्या गावच्या बायकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आडव्या बाटलीला मतं देऊन देशी दारूचं दुकान बंद पाडलं होतं. दुकान गेलं तरी गावात हातभट्टी उरली होती, आणि ती सगुणाची होती.

“मग ह्या समद्या माझ्या दारात आल्या,” सगुणाक्का सांगायची. “म्या म्हनलं, पिंपं फोडा, पर मला मारू नगा. त्यांनी पिंपं फोडली आन् म्हनल्या, आता तू चल आमच्यासंगं. कुठं, तर म्हनं जेलात. तुझं निम्मं गिऱ्हाईक तितंच हाय.”

ती हे हसत सांगायची, पण सांगताना तायाप्पाकडं कधी बघायची नाही.

तायाप्पा कोळेकर तिचंच गिऱ्हाईक. एका संध्याकाळी तिच्या भट्टीवरून उठून तो शेतावर गेला, बांधावरून चुलतभावाशी वाद झाला आणि हातात कुऱ्हाड होती. जन्मठेप झाली. तुरुंगात आल्यावर दारूच्या जागी गांजा आला, गोळ्या आल्या. मग या बायका यायला लागल्या आणि हळूहळू ते सगळं सुटलं. मी गेले तेव्हा तो कैक वर्षं कोरडा होता. नव्या माणसाला समजावून आणणं, त्याच्याशेजारी बसणं, त्याला धीर देणं, हे सगळं तोच करायचा. त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव तयार होता आणि येत्या सोमवारी समिती बसणार होती. कागदावर एकही डाग नव्हता. सोमवार नीट पार पडला की तायाप्पा घरी जाणार, हे साऱ्या बराकीला माहीत होतं.

“बाई,” एकदा त्यानं मला हळूच विचारलं होतं, “यष्टी आता पार बोरजाईपतुर जाती का वो? आमच्या टायमाला फाट्यावर सोडायची.”

मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाले आणि विसरले.

आता त्या पेल्यांबद्दल सांगायला हवं. कारागृहाच्या जुन्या विणकाम शेडमध्ये, कैद्यांनीच विणलेल्या सतरंज्यांवर ही मंडळी गोल बसायची. मधे मोठी किटली. आलं, गूळ, दूध सगळं गेटवर तपासून आत यायचं आणि तुरुंगाच्या स्वयंपाकघरात उकळून त्याचा चहा व्हायचा. तुरुंगात तसा चहा दुसरीकडं कुठं मिळत नाही. प्रत्येकासमोर पेला. गेल्या गुरुवारपासून काही घेतलं नसेल तर पेला उभा राहू द्यायचा. घेतलं असेल तर स्वतःच्या हातानं आडवा करायचा. मग त्यानं बोलायचं. तो बोलत नाही तोवर कुणाच्याच पेल्यात चहा नाही. बोलून झालं की त्याचा पेला दुसऱ्या कुणीतरी उचलून उभा करायचा, स्वतः नाही. आणि चहा पहिला त्याला.

बस्, एवढाच कार्यक्रम. ना व्याख्यान, ना तक्ते, ना शपथ. सतरंजीवर जे बोललं जाईल ते तिथंच राहील, असं आधीच्या अधीक्षकांनी तोंडी कबूल केलं होतं. ते बदलून गेले होते.

नवे अधीक्षक पाटणकर. सरळ माणूस, पण वरून पत्र आलेलं होतं. बाहेरच्या लोकांचे कार्यक्रम उपयोगाचे असतील तरच ठेवा, नाहीतर बंद करा. म्हणून तर मला बोलावलं होतं. कोण काय घेतं, किती घेतं, हे मी दोन बराकींतल्या कैद्यांना सारख्याच प्रश्नांनी विचारलं. एका बराकीत बोरजाईच्या बायका यायच्या, दुसरीत कुणीच येत नव्हतं. उत्तरं घेऊन मी पाटणकरांसमोर बसले तेव्हा माझाच चेहरा पडला होता.

“म्हणजे मॅडम,” ते म्हणाले, “जिथं कुणी जात नाही तिथं सगळे शुद्ध, आणि जिथं या बायका जातात तिथंच गोळ्या, गांजा, तंबाखू?”

“लोकांनी सांगितलंय ते तसं आहे.”

“मग लिहायचं तरी काय?”

“गुरुवारचा शेवटचा वर्ग बघते आणि लिहिते.”

त्यांनी पेपरवेट उचलून फायलीवर ठेवला. “मीही येतो,” म्हणाले. “बंद करायचं तर निदान बघून तरी बंद करावं.”

तर तो हा गुरुवार. पाटणकर गणवेशात, सतरंजीवर मांडी घालायची सवय नसल्यामुळं एका पायावर कलून बसलेले. त्यांच्याहीसमोर सगुणाक्कानं पेला ठेवला होता. दाराशी हवालदार इंगवले नेहमीसारखे उभे. त्यांचा पेला शेजारच्या खिडकीच्या कठड्यावर. साहेब आलेले पाहून मंडळी आक्रसली होती. तायाप्पाच्या शेजारी खलील बसला होता, टक्कल पडलेला, त्याच्याहून वयानं मोठा. गेल्याच गुरुवारी खलीलनं आयुष्यात पहिल्यांदा पेला आडवा केला होता, तोही तायाप्पानं चारचारदा समजावल्यावर. आडवा ठेव, हितं कुणी खात न्हाई, असं तो त्याच्या कानाशी म्हणत असताना मी ऐकलं होतं.

“चला,” सगुणाक्का म्हणाली, “पेलं बगू.”

मी सगळ्यांचे पेले बघत गेले. उभा, उभा, उभा. मनात म्हटलं, आज सगळे उभेच असणार, साहेब समोर असताना कोण आडवा करतोय. मग माझी नजर तायाप्पासमोर थांबली.

त्याचा पेला सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर आडवा होता.

तो मान खाली घालून, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसला होता. शेडमध्ये गारठा होता, मला वाटलं थंडी वाजत असेल.  सगुणाक्काच्या दोघी सोबतिणींपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. सगुणाक्का मात्र किटलीचा कान धरून तशीच उभी राहिली, आणि मी तिचा चेहरा पाहिला. या माणसानं घरी जावं असं जगात जर कुणाला सर्वांत जास्त वाटत असेल तर ते तिला. तिच्या दारातून उठून तो इथं आला होता.

पाटणकरांच्याही लक्षात आलं. सोमवारची फाइल त्यांच्याच सहीनं गेली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले,

“कोळेकर, तुझा पेला पडला बघ. उभा कर.”

मला अजून ते वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यानं एका कैद्याला समोरून वाट करून दिली होती. पेला सतरंजीवर होता, कुणाचा तरी पाय लागून पडला असं म्हणता आलं असतं, कुणी दोष दिला नसता. सगळ्यांना तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही. कर रे बाबा उभा, मी मनातल्या मनात म्हणत होते.

तायाप्पानं मान वर केली.

“पडला न्हाई साहेब,” तो म्हणाला. “ठेवलाय.”

मग त्यानं सांगितलं. आवाज मोठा नव्हता, पण अडखळला नाही. “समितीची तारीक कळली तवापासनं झोप न्हाई. डोळं मिटलं की फाटा दिसतुया. फाट्यावरनं गावाकडं निगालो की पयली आक्काची भट्टी लागायची. ती आता न्हाई, म्हाईत हाय. पर पायाला काय म्हाईत? पाय तितंच वळतील आसं वाटतंय. सोमवारी मला सोडतील आन् मंगळवारी म्या पुन्ना कुणाच्या तरी दारात. अंग थरथराय लागलं. मग गोळ्या घेतल्या. झोपंच्या. दोन दिस घेतल्या.”

कुणी ‘अरेरे’ केलं नाही. खलील त्याच्याकडं टक लावून पाहत होता.

“कोळेकर,” पाटणकर म्हणाले, “सोमवारी काय आहे, माहीत आहे ना?”

“हाय साहेब.”

“मी हे ऐकलंय. आता मी ऐकलं नाही असं मला करता येत नाही.”

“व्हय साहेब.”

पाटणकर पुढं झुकले. माणूस धडपडत होता, हे दिसत होतं. “बरं, गोळ्या दिल्या कुणी तेवढं सांग. आत गोळ्या येतात कुठून, हे मला कळलं पाहिजे. तू तपासाला मदत केलीस असं मी लिहीन. सोमवारी त्याचा तुला उपयोग होईल. कदाचित सगळंच निभावेल.”

दुसरी वाट. पहिलीपेक्षाही रुंद.

“न्हाई साहेब,” तायाप्पा म्हणाला. “सतरंजीवर ज्याचं त्यानं सांगायचं. दुसऱ्याचा पेला आपन आडवा करायचा न्हाई.”

“अरे, तुझी सुटका आहे ही.”

“म्हाईत हाय साहेब.” त्यानं खलीलकडं पाहिलं. “ह्येला म्या सांगितलं, आडवा ठेव, काय हुत न्हाई. ह्येनं माजं ऐकलं. आता माज्या टायमाला म्या उभा ठिवला तर ह्यो उद्या कुनाचं ऐकंल?”

पाटणकर मागं झाले.

“बोलून झालं,” सगुणाक्का म्हणाली. “उचला कुनीतरी.”

एरवी चार हात पुढं यायचे. आज साहेब बसले होते, नियम मोडलेल्या माणसाचा पेला त्यांच्यादेखत उचलायचा म्हणजे आपणही त्याच्याच बाजूचे, असं होणार होतं. क्षणभर कुणाचाच हात हलला नाही. मग खलील वाकला, पेला उचलला, आपल्या सदऱ्यानं आतून पुसला आणि तायाप्पासमोर उभा ठेवला.

सगुणाक्का किटली घेऊन पुढं आली. पेल्यावर वाकली. आणि ओतायच्या आत पुन्हा सरळ झाली. ती दाराकडं बघत होती.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून एक हाय.”

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. खिडकीच्या कठड्यावरचा पेला आडवा होता.

इतके गुरुवार मी तो पेला पाहिला होता. हवालदाराला चहा द्यायचा म्हणून ठेवतात, एवढंच मला वाटलं होतं. माझ्यासमोरचा पेला जसा पाहुणचाराचा, तसाच तो. शेडमध्ये जो जो येईल त्याच्यासमोर पेला येतो आणि तो उभा ठेवायचा की आडवा हे त्याचं त्यानं ठरवायचं, हे सगुणाक्कानं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं फक्त पेले ठेवले होते, पाहुण्यांसमोर, हवालदारासमोर, साहेबांसमोरही.

इंगवल्यांनी टोपी काढून हातात घेतली. दांडगा माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या.

“गोळ्या माझ्या होत्या साहेब,” ते म्हणाले. “आणलेल्या नव्हेत, माझ्या स्वतःच्या. मंडळी वारली त्या वर्षी डॉक्टरनं झोपेसाठी दिल्या होत्या. डॉक्टरनं बंद केल्या, मी नाही केल्या. खिशात असतात कायम. त्या दिवशी हा कोपऱ्यात बसून लटलट कापत होता. म्हणाला, हवालदार, मला भ्या वाटतंय. माझ्याकडं दुसरं काय होतं द्यायला? जे मी घेतो तेच दिलं.”

पाटणकर गुडघ्यावर अर्धवट उठले.

“तू कशाला बोललास?” पाटणकरांच्या तोंडून निघालं. “त्यानं नाव घेतलं नव्हतं.”

“म्हणूनच साहेब. त्यानं घेतलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. कैद्याचं कोण ऐकतं?” इंगवल्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी इथं दाराशी उभा राहून सगळ्यांचं ऐकत आलो. चोर, खुनी, सगळ्यांचं. माझा पेला दर गुरुवारी उभा. खोटाच उभा होता साहेब.”

मी आयुष्यात देवळांत गेले आहे, मोठमोठ्यांची भाषणं ऐकली आहेत, पण हात जोडावेसे वाटणं म्हणजे काय हे मला त्या विणकाम शेडमध्ये कळलं. एक माणूस घरी जाण्याची वाट स्वतःच्या हातानं बंद करून बसला होता. दुसऱ्यानं नोकरी कठड्यावर आडवी ठेवली होती. आणि त्यांना हे करायला कुणी भाग पाडलं नव्हतं. तीन बायका, एक किटली आणि काही पेले, एवढंच सामान होतं तिथं.

“आता?” पाटणकरांनी हळूच विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

“आता कुनीतरी उचलायचा,” सगुणाक्का म्हणाली.

तायाप्पा उठला. शेड ओलांडून खिडकीशी गेला. त्यानं तो पेला दोन्ही हातांनी धरला, लहान मुलानं भरलेला तांब्या धरावा तसा, अगदी सावकाश उचलला आणि उभा केला. मग इंगवल्यांकडं न बघता परत येऊन बसला.

सगुणाक्कानं चहा ओतला. पहिला तायाप्पाला, मग खिडकीपाशी जाऊन इंगवल्यांना, मग बाकीच्यांना. थोडा चहा सतरंजीवर सांडला. साहेबांपाशी ती थांबली.

“साहेब, तुमचा उभाच हाय न्हवं?”

पाटणकरांनी आपल्या पेल्याकडं पाहिलं.

“आज तरी आहे,” ते म्हणाले.

ती माझ्याकडं आली, आणि मी नको म्हणायच्या आत पुढं जायला निघाली, सवयीनं.

“ओता,” मी म्हटलं.

त्या दिवशी दुपारी मी पाटणकरांना म्हटलं, “तुम्ही लिहिणार?”

“लिहावं लागेल. तो खरं बोललाय मॅडम. मी नाही लिहिलं तर त्याच्या बोलण्याला किंमत काय राहिली?” मग म्हणाले, “तुम्ही काय लिहिणार?”

“आधी दोन्ही बराकींच्या लघवीच्या तपासण्या करून द्या. मग सांगते.”

त्यांनी करून दिल्या. जिथं कुणीच काही घेत नव्हतं, त्या शुद्ध बराकीतून इतकं काही निघालं की तपासणाऱ्यानं पुन्हा एकदा तपासून पाहिलं. बोरजाईच्या बराकीतून निघालं ते त्याच्या मानानं अगदी थोडं, आणि जेवढं निघालं तेवढं त्यांनी आधीच सांगितलेलं होतं. माझे प्रश्न व्यसन मोजत नव्हते, खरं बोलण्याची हिंमत मोजत होते, आणि ती जिथं होती तिथंच मला आकडा जास्त दिसला होता. मी अहवालात तसं लिहिलं. कार्यक्रम राहिला. वर्षभरानं आणखी दोन कारागृहांत पेले गेले.

सोमवारी समितीनं तायाप्पाचा प्रस्ताव परत पाठवला. त्याला आणखी बरीच वर्षं आत काढावी लागली. इंगवले निलंबित झाले, उपचार घेतले, पुढं कार्यालयात बसून निवृत्त झाले. गुरुवारी मात्र शेडमध्ये यायचे असं ऐकलं, दाराशी नव्हे, सतरंजीवर.

तायाप्पा सुटल्याचं मला सगुणाक्काच्या नातवानं फोन करून कळवलं. मी गेले. एसटी पार बोरजाईपर्यंत जाते. चावडीसमोर तो मला घ्यायला उभा होता, डोक्यावर आता तुरुंगाची नव्हे, साधी पांढरी टोपी. केस पिकले होते. घरासमोर दोन-चार मेंढरं बांधलेली. त्यानं ओट्यावर घोंगडं अंथरलं, चहा झाला, आणि इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न मी विचारला.

“साहेब म्हणाले होते, पेला पडलाय, उभा कर. तेव्हा तुझ्या मनात आलंच नाही?”

तायाप्पा हसला. “आलं की बाई. न आल्यावानी कसं व्हईल? हात मोकळा आसता तर केलाच आसता उभा.”

“म्हणजे?”

“पेला आडवा ठिवला आन् लगीच हातावर बसलो. दोन्ही मांड्यांखाली घातलं हात, आन् सारा भार टाकला वरनं. म्हनलं, आता साहेब काय बी म्हनूं दे.” त्यानं आपले दोन्ही तळवे उताणे करून मला दाखवले. “पार मुंग्या आल्या व्हत्या. इंगवल्याचा पेला उचलला तवा त्यो हातात हाय का न्हाई, त्ये बी कळत नव्हतं.”